गोधडी वॉर्डाच्या दारातून आत जाईल का?

वाकळवाली (फोंडा) | ९ जून, रात्री १०:१५

मागच्या मंगळवारी अकरा गोधड्या घेऊन इस्पितळात गेलो आणि दहा परत घेऊन आलो. कुठलं इस्पितळ ते विचारू नका, सांगणार नाही. चूक त्यांची नव्हतीच, आमची होती.

आधी थोडं मागचं. आम्ही सात जणी दर शनिवारी दुपारी बाईंच्या घरी राजांगणात बसून गोधड्या शिवतो, खूप आजारी असलेल्या मुलांसाठी. कॅन्सरची मुलं, थॅलेसेमियाची मुलं, महिनोन्‌महिने खाटेवर असलेली. बाई म्हणजे आम्हा चौघींच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. वय ८१. अजून स्वतःची सुई स्वतः ओवतात आणि आमचे टाके उसवतात. त्यांच्या नात्यातल्या एका मुलाला सहाव्या वर्षी ल्युकेमिया झाला होता. अडीच वर्षं उपचार चालले, सारख्या मुंबईच्या फेऱ्या. प्रत्येक फेरीला त्याच्या आजीची वाकळ सोबत. ती धुवायला टाकली की तो मशीनसमोर पाट घेऊन बसायचा. आता बरा आहे, बारावीला आहे, आणि वाकळीचा विषय निघाला की खोलीतून उठून जातो. तिथून हे सगळं सुरू झालं.

तीन महिने खपून अकरा केल्या. आरसे लावलेली, खणाची, पैठणीच्या काठाची, हत्तीला डोळे म्हणून बटणं लावलेली. फोटो काढले, घरच्यांनी वाहवा केली. वॉर्डातल्या सिस्टरनी पहिली उचलली, नाकाला लावली, बाजूला ठेवली. दुसरी उचलली, नाकाला लावली, बाजूला ठेवली. तिसरीला विचारलं, "डांबराच्या गोळ्या?" आता गोव्यात कपाटात कपडा ठेवायचा म्हणजे डांबराची गोळी आलीच, नाहीतर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी. मग त्यांनी हत्तीचा डोळा चिमटीत धरून ओढला. तो त्यांच्या हातात आला. खणाच्या गोधडीवर ओला बोळा घासला, बोळा लाल झाला.

एकच घेतली. माझ्या जावेची. जावेला शिवणातलं काही येत नाही. ती सुया ओवून देते आणि चहा करते. हौसेनं तिनं एक साधी चौकोनी, मांजरपाट आणि फिक्या चौकड्याची केली होती. टाके असे की बाई बघून गप्प बसल्या होत्या. पण तिच्यावर चहा सांडला होता म्हणून ती तीनदा गरम पाण्यातून निघाली होती, आणि कपाटात जायची वेळच आली नव्हती. पास!

तर ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा: कापड कुठलं, आत काय भरायचं, आणि मुख्य म्हणजे या पावसात वाळवायच्या कशा. सिस्टर वाईट बोलल्या नाहीत. "परत आणा," म्हणाल्या.

कात्री_फुटपट्टी (माशेल) | ९ जून, रात्री ११:०२

जावेला माझा नमस्कार सांगा.

तीस वर्षं शिवणकाम करतोय, तेवढ्यावरून सांगतो. आत काही भरू नका. कापूस धुतला की गोळे होतात, पॉलिस्टरचा भर घामाला वाईट. पदरावर पदर, बस. एक पाचवारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. रुंदी ४५ धरली तर ४५ बाय ४८ इंचाचे चार पदर एका साडीतून निघतात आणि वर दोन फुटांचा तुकडा उरतो, त्यात नावाची पट्टी होते. तीन पदर पुरे. चौथा घातलात तर पावसाळ्यात आठवडाभर वाळणार नाही, आणि अशक्त मुलाच्या अंगावर जड होईल.

मांजरपाट कापायच्या आधी गरम पाण्यातून काढा. तो आकसतो, साडी आकसत नाही, मग पहिल्या धुण्यात गोधडी पापडासारखी वळते. जर, टिकल्या, लेस, बटण, हुक काही नको. डोळा हवा तर दोऱ्यानं भरा.

सत्तरीचा_वारा | १० जून, सकाळी ७:४०

वाईट वाटून घेऊ नका, पण सात बायका, तीन महिने, अकरा गोधड्या, त्यातली एक पास. त्यापेक्षा वर्गणी काढून एखाद्या मुलाच्या औषधाला किंवा आईबापांच्या प्रवासाला दिली असती तर? बाजारात चारशे रुपयांत ब्लँकेट मिळतं. हे मुलांसाठी चाललंय की स्वतःच्या समाधानासाठी?

वाकळवाली | १० जून, सकाळी ९:३०

दोन्हीसाठी. लपवायचं काय त्यात? गेल्या वर्षी आम्ही प्रवासाला पैसेही दिले. ते आले, खर्च झाले, झालं. आम्हाला गोधडी येते म्हणून गोधडी करतो. स्वयंपाक येत असता तर डबे दिले असते.

पेठेतला | १० जून, सकाळी ११:१०

पुण्याहून. ही कल्पना जगात बऱ्याच ठिकाणी चालते. अमेरिकेत डेन्व्हरकडे १९९५ मध्ये 'प्रोजेक्ट लायनस' सुरू झालं. केमो चालू असलेल्या एका लहान मुलीला तिच्या पांघरुणाचा कसा आधार होता, हे वाचून एका बाईंनी तिथल्या कर्करोग केंद्राला पांघरुणं करून द्यायचं ठरवलं. नाव 'पीनट्स' कार्टूनमधल्या, सतत पांघरूण ओढत फिरणाऱ्या लायनस या मुलावरून. माझी मेहुणी ब्रिटनमध्ये असते, तिकडे वेगळीच पद्धत आहे. मुलाला आधी विचारतात, तुला गोधडीवर काय हवं? डायनासोर, आगगाडी, काय म्हणेल ते. मग गावोगावच्या स्वयंसेवक क्रॉस स्टिचचा (फुलीच्या टाक्याचा) एकेक चौकोन भरून पोस्टानं पाठवतात आणि एक जण ते जोडते. तुम्हीही तसं करा की. आणि कापड फ्लीसचं घ्या, मऊ आणि उबदार असतं.

वाकळवाली | १० जून, दुपारी २:००

फ्लीस? गोव्यात? जूनमध्ये? या एकदा.

क्रॉस स्टिचचं मात्र मनात भरलं म्हणून आकडेमोड केली. चौदाचं कापड घेतलं, म्हणजे इंचाला १४ फुल्या, तर सहा इंचाच्या चौकोनाला ८४ गुणिले ८४, म्हणजे ७०५६ फुल्या. एका चौकोनाला! बाई म्हणाल्या, "मी ८१ वर्षांची आहे. हिशेब त्या दृष्टीनं करा." त्यापेक्षा कापडाची आकृती कापून बारीक टाक्यानं बसवू. पण मुलाला आधी विचारायचं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही मोर आणि आंबे काढत बसलो होतो.

रात्रपाळी | ११ जून, पहाटे ४:२०

नर्स आहे, अकरा वर्षं मुलांच्या वॉर्डात. तुमच्या नाही, दुसरीकडे. आत्ता जरा शांतता आहे म्हणून लिहून घेते, मध्येच उठावं लागलं तर समजून घ्या.

तुमच्या सिस्टरनी वास घेतला ते दोन कारणांनी. केमोच्या मुलांना वासानं मळमळतं. आपल्याला छान वाटणारा साबणाचा, अत्तराचा वाससुद्धा त्यांना उलटी आणतो. त्यामुळे धुताना सुगंधी काही टाकू नका, चाफा-मोगरा काही नको. दुसरं कारण डांबराची गोळी. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा मुलांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, अंग पिवळं पडतं. हे धडधाकट बाळालाही होतं, म्हणून बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवूच नयेत. आज्यांना हे सांगता सांगता माझी अर्धी नोकरी गेली.

केमोनंतर पांढऱ्या पेशी खूप खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या की साधा ताप आला तरी आमची धावपळ होते. तेव्हा बुरशीचा ठिपका असलेलं कापड त्या खोलीत जाता कामा नये. धुणं ६० अंशांवर. धुळीतले माइट्स त्या तापमानाला मरतात. ज्या गोधडीला ६० अंश सोसत नाहीत ती आमच्या कामाची नाही, मग ती कितीही देखणी असो.

आता टाके. लांब टाका नको. सलाइनच्या नळीची चिमटी अडकते, मुलाचं बोट अडकतं. सुटा धागा तर मुळीच नको. तान्ह्याच्या पायाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला आणि बोट निळं पडलं हे मी स्वतः पाहिलंय, आणि तो धागा भिंगातून शोधावा लागला होता. वर्षाखालच्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालायचंच नसतं, तेव्हा त्यांच्यासाठी शिवू नका. शिवलंच तर आईला मांडीवर घ्यायला दुपटं, आणि तसं त्यावर सांगा.

आणि सुया. शनिवारी जितक्या दिल्या तितक्या परत मोजून

रात्रपाळी | ११ जून, पहाटे ५:०५

आले. मोजून घ्या म्हणत होते. शिवून झालं की वरून-खालून लोहचुंबक फिरवा. टाचणी वापरूच नका, कच्चा टाका घाला.

सत्तरीचा_वारा यांना: चारशेचं ब्लँकेट आमच्याकडे असतं, सरकारी. लाल. ते वॉर्डाचं असतं. मूल घरी गेलं की ते धुवायला जातं आणि दुसऱ्या खाटेवर येतं. गोधडी मुलाबरोबर घरी जाते. तीन वर्षांच्या पोराला हा फरक बरोबर कळतो.

सत्तरीचा_वारा | ११ जून, सकाळी ८:१५

हे पटलं. माझ्याकडे आईच्या आठ-दहा सुती साड्या आहेत. वाळपईहून फोंड्याला आणून देऊ शकतो.

केपेचा_पाहुणा | ११ जून, दुपारी १:३०

थांबा थांबा. आई हयात आहेत ना? कारण गेलेल्या माणसाचं वस्त्र आजारी मुलाच्या अंगावर घालणं बरं दिसत नाही. अंधश्रद्धा म्हणा, पण त्या मुलाच्या आजीला कळलं तर ती ते खाटेवर राहू देईल का, एवढाच विचार करा.

सत्तरीचा_वारा | ११ जून, दुपारी १:४५

आई मार्चमध्ये गेली.

केपेचा_पाहुणा | ११ जून, दुपारी १:५२

माफ करा. खरंच माफ करा.

वाकळवाली | १४ जून, रात्री ९:००

काल शनिवारी या मुद्द्यावर दोन तास गेले, शिवणं बाजूलाच राहिलं. अर्ध्या जणी केपेचा_पाहुणा यांच्या बाजूच्या. शेवटी बाई बोलल्या. त्यांचं म्हणणं असं: आपल्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते जुनेरच. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं; शंभरदा धुतलेलं लुगडं टोचत नाही. मग ते लुगडं आजीचं असो की पणजीचं, पणजी आहे की गेली हे कुणी विचारत नाही, कारण ती घरची असते. अडचण मेलेल्याची नाही, परक्याची आहे.

मला हे एकदम लख्ख वाटलं. बाईंच्या नात्यातल्या त्या मुलाच्या वाकळीतही सगळी गंमत तीच होती की ती त्याच्या आजीची होती. आमच्या आजीची नव्हे.

म्हणून आता असं ठरवलंय. शक्य असेल तिथे मुलाच्या घरूनच एक सुती साडी मागायची. आईची, आजीची, कुणाचीही. खालचा पदर तिचा. वरचा नवा मांजरपाट, आणि आकृती मूल सांगेल ती. घरून साडी नाही आली तर सगळंच नवं कापड, तीनदा गरम पाण्यातून काढलेलं.

सत्तरीचा_वारा, तुमच्या आईंच्या साड्यांची एक गोधडी तुमच्या घरासाठी शिवू. घेऊन या. पैसे वगैरे विचारलेत तर जाऊ चहा देणार नाही.

निवृत्त_कॅशियर (साखळी) | १५ जून, सकाळी १०:२०

उशिरा आलो. बँकेत असताना चार वर्षं यल्लापूरला होतो. तिथल्या, हल्याळच्या आणि मुंडगोडच्या बाजूला सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात आपल्या गोव्यातूनच तिकडे गेलेले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. आपण आधी सगळं टाचून मग मधून कुठूनही टाके घालतो. त्या एका कोपऱ्यापासून सुरू करतात, कडेकडेनं तुकडे लावत धावदोरा घालत पूर्ण फेरी मारतात, मग आतली फेरी, मग त्याच्या आतली, असं करत मध्यावर येऊन संपवतात. अंगणात पडलेल्या दोराचं वेटोळं पाहिलंत ना, तसं. कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे तुकडे लावतात, त्याला फूल म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडीबोडकी.

सांगायचं कारण, गोधडी आधी कडेनंच विरते. कवंदीची कड पहिल्या दिवसापासून पक्की असते, वेगळी मगजी, म्हणजे कडेची पट्टी, लावायला नको. मी एक ३२ वर्षं वापरतोय. मधे विरली, कड तशीच.

कात्री_फुटपट्टी | १५ जून, दुपारी १२:४०

कॅशियरसाहेब, हे भारी आहे. करून बघतो. फक्त कोपऱ्याची फुलं चारी बाजूंनी बंद शिवायला हवीत, नाहीतर पोरं तोंडात घालतात.

टाक्याचं माप सांगून ठेवतो. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, दोन ओळींत एक बोट अंतर. त्याहून दाट घातलात तर गोधडी ताठ होते, पुठ्ठ्यासारखी. विरळ घातलात तर धुताना पदर एकमेकांवरून सरकतात.

पेठेतला | १५ जून, दुपारी ३:१०

रंग जाण्यावर उपाय: कापड रात्रभर खडेमिठाच्या पाण्यात ठेवा. रंग पक्का बसतो. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात.

कात्री_फुटपट्टी | १५ जून, दुपारी ३:४०

पिढ्यान्‌पिढ्या रंग जातोय मग. कापड रंगवताना मीठ लागतं हे खरं, पण रंगवून विकलेल्या कापडाला मीठ काही करत नाही. जादा रंग आहे तो धुऊन धुऊनच जायचा. गरम पाणी, साबण, पांढरा रुमाल सोबत टाका. रुमाल पांढरा निघेपर्यंत धुवा. तीनदा धुऊनही गुलाबी निघाला तर ते कापड पायपुसण्याला.

वाकळवाली | २८ जून, रात्री ८:३०

कवंदीची रीत जमतेय. जावेला तर सगळ्यात छान, कारण तिला जुनी सवय मोडायची नव्हती.

पण वाळवण! दहा दिवस सूर्य नाही. पाच गोधड्या धुतल्या, पंख्याखाली टाकल्या. तिसऱ्या दिवशी कुबट वास. परत धुतल्या. परत वास. चुलीवरच्या दांडीवर टाकाव्यात तर धुराचा वास. इस्त्री केली तर वरून कोरड्या आणि आत ओल तशीच. ऑक्टोबरपर्यंत थांबावं म्हटलं तर तोपर्यंत मुलं थांबणार नाहीत. म्हणजे, घरी गेलेली असतील असं म्हणायचंय मला.

ऑफसीझन (कळंगुट) | २८ जून, रात्री ११:५५

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. पावसाळ्यात आमच्या अर्ध्या खोल्या रिकाम्या, ड्रायर दुपारी बंद असतात. मॅनेजरना विचारलं, दुपारी दोन ते चार चालेल म्हणाले. धुणं ६०, ७० कितीही अंशांवर करू शकतो, हॉटेलच्या चादरींबरोबर नाही, वेगळ्या फेरीत. सुगंधी सॉफ्टनरची नळी त्या फेरीला बंद ठेवीन. चाळीस मिनिटांत कडकडीत कोरड्या. निघाल्या की गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, आत वाफ धरते. गार होऊ द्या, मग बंद करा.

फोंड्याहून कळंगुटला आणणार कोण तेवढं बघा.

सत्तरीचा_वारा | २९ जून, सकाळी ६:५०

मी. मंगळवारी कामानिमित्त म्हापशाला असतोच, तिथून कळंगुट काही लांब नाही.

वाकळवाली | २९ जून, सकाळी ७:१५

देव बरें करूं तुम्हा दोघांचं. रडू आलं, खोटं नाही सांगत.

सुरंगी | ६ जुलै, रात्री १:१०

हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय. लिहू की नको ठरत नव्हतं.

आमच्या मुलीला अशीच एक गोधडी मिळाली होती. गोव्यात नाही, बाहेरगावी उपचार चालू होते तिथे. कुणी शिवली माहीत नाही. पिवळी होती, एका कोपऱ्यात मासा. ती माशाच्या शेपटीला अंगठा घासत झोपायची, त्यामुळे शेपटीचा रंग गेलाय आणि कापड काचेसारखं पातळ झालंय. सुई टोचायला नर्स आली की ती मासा हातात धरायची आणि दुसरा हात पुढे करायची. गोधडीनं दुखणं कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण कुठला हात पुढे करायचा हे तिचं ती ठरवायची.

दोन वर्षं होतील आता. गोधडी तिच्या खाटेवर आहे. हे वाचल्यापासून मनात येतंय की ती दुसऱ्या मुलाला द्यावी का. तुम्ही घ्याल का? आणि दुसरं, थोडं विचित्र वाटेल. ती मी अजून धुतलेली नाही. ६० अंशांचं वाचलं आणि तेव्हापासून सारखं तेच डोक्यात आहे. धुवायला हवी का?

रात्रपाळी | ६ जुलै, पहाटे ३:४५

सुरंगीताई, ती धुऊ नका. कुणाला देऊही नका. ६० अंश वॉर्डातल्या मुलांसाठी आहेत.

शेपटी फाटायला आली असेल तर मागून मलमलचा तुकडा लावून हातानं चार टाके घाला, म्हणजे अजून टिकेल. नीट जमत नसेल तर वाकळवालीकडे न्या, त्या तुमच्यासमोर घालून देतील.

वाकळवाली | ६ जुलै, सकाळी ६:३०

कधीही या. किंवा मी येते. सुई-दोरा माझ्या पर्समध्येच असतो.

सुरंगी | ६ जुलै, रात्री ९:२०

शनिवारी येते. नुसती बसायला आले तर चालेल ना?

वाकळवाली | ६ जुलै, रात्री ९:२२

चालेल.

केपेचा_पाहुणा | ८ जुलै, सकाळी १०:००

थॅलेसेमियाच्या मुलांचं विचारायचं होतं. माझ्या भाच्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला नेतात. त्याला घरी थंडी वाजत नाही, तिथे मात्र कुडकुडतो. त्याच्यासाठी जाड करावी का?

रात्रपाळी | ८ जुलै, रात्री ११:३०

रक्त २ ते ६ अंशांत साठवलेलं असतं, आणि वर एसी. ज्या हातात जातंय तो हात गार पडतो. मात्र रक्त चढत असताना थंडी भरून आली तर पांघरूण घालून गप्प बसू नका, आधी सिस्टरला हाक मारा, ती रिॲक्शनही असू शकते. जाड नको, लहान करा. मांडीपासून खांद्यापर्यंत पुरेल इतकी, दप्तरात मावेल अशी. त्याला दर तीन आठवड्यांनी न्यायची-आणायची आहे. सुई लावलेला हात उघडा राहिला पाहिजे, आम्हाला दिसायला हवा.

वाकळवाली | १९ जुलै, रात्री ९:४०

सिस्टरनी यावेळी आम्हाला आतल्या मुलांना विचारून यायची परवानगी मिळवून दिली. म्हणजे आम्ही नाही विचारलं, त्यांनीच विचारून चिठ्ठ्या आणल्या. फोटो नाही, नावं नाहीत, आजार काय ते आम्ही विचारत नाही.

चिठ्ठ्या अशा. एका मुलीला निळी. चित्र? चित्र नको. निळी. नुसती निळी. एकीला मांजर, पण झोपलेलं. एका सात वर्षांच्या मुलाला जेसीबी.

बाईंना जेसीबी म्हणजे काय ते मोबाइलवर दाखवावं लागलं. बघून म्हणाल्या, "हा रोज आपल्या रस्त्यावर असतो तो?" कुणाकडे नमुना आहे का?

कात्री_फुटपट्टी | १९ जुलै, रात्री १०:१०

दुकानासमोरच खणतायत. उद्या फोटो काढून कागदी नमुना कापून देतो. पिवळं कापड धुऊन बघितलंत का? पिवळा फसवतो.

वाकळवाली | २ ऑगस्ट, रात्री ८:५०

पिवळा पहिल्याच धुण्यात फिकुटला. दुसरा घेतला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, सुरंगीनं शोधून आणला. (ती आता दर शनिवारी येते. पहिल्या दिवशी नुसती बसली होती, दुसऱ्या दिवशी सुया मोजायला लागली. बारा दिल्या, बारा घेतल्या.) खालच्या पदराला मुलाच्या आईनं साडी पाठवली, फिकी हिरवी. पदराला हळदीचा डाग होता. तो तसाच ठेवलाय, आतल्या अंगाला.

वाकळवाली | १२ ऑगस्ट, रात्री ९:३०

सहा नेल्या, सहाही पास. वास घेऊन झाला, चुंबक फिरवून झालं (सिस्टरचंही स्वतःचं चुंबक निघालं), ओला बोळा पांढराच राहिला. निळीवाल्या मुलीनं ती लगेच डोक्यावरून घेतली आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही म्हणे.

जेसीबी मात्र परत आला. मुलानं पाच मिनिटं बघितला, मग सिस्टरना म्हणाला, "ह्याच्या बकेटला दात कुठे आहेत?"

बरोबर आहे. दात नाहीत. नमुन्यात होते, कापताना राहिले.

कात्री_फुटपट्टी | १२ ऑगस्ट, रात्री ९:४१

माझ्या नमुन्यात होते. एवढं मान्य झालं तर पुरे.

वाकळवाली | १२ ऑगस्ट, रात्री ९:४४

तुमच्या नमुन्यात होते. बाईंनी कापले. बाईंना सांगायची हिंमत तुमची.

वाकळवाली | १९ ऑगस्ट, रात्री १०:००

करड्या कापडाचे दात लावले, परत कळंगुटला धुऊन आणली, आज नेली. मूल वॉर्डात नव्हतं, परवाच घरी सोडलं, पुढच्या फेरीला येईल. सिस्टरनी पिशवीवर चिठ्ठी लावून कपाटात ठेवलीय. कपाटात डांबराच्या गोळ्या नाहीत ना, म्हणून मी विचारलं. हसल्या.

चवथ तोंडावर आलीय, तेव्हा आता दोन शनिवार सुट्टी. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची की गोधड्या शिवायच्या? ऑफसीझन, झोपलेलं मांजर आणि दप्तरात मावणारी अशा दोन त्यानंतर येतील, ड्रायर तोवर मोकळा असेल ना?

ऑफसीझन | १९ ऑगस्ट, रात्री ११:३०

ऑक्टोबरात पर्यटक सुरू होईपर्यंत काळजी नको. मंगळवारीच पाठवा.

कात्री_फुटपट्टी | २० ऑगस्ट, सकाळी ८:०५

दात किती लावलेत?

वाकळवाली | २० ऑगस्ट, सकाळी ८:२०

चार. चुकले असतील तर तो सांगेलच.